दान, कर आणि चौकातला दिवा

मंडळी, आजचा विषय ऐकून काहींच्या मनात आलं असेल, यात इतिहास तो काय? चौकातला बाक, रस्त्यावरचा दिवा, पाणपोई, पिंपळाचा पार. यांच्यावर कुणी बखर लिहिली नाही की पोवाडा रचला नाही. पण एखादं गाव कुणाचं होतं आणि कुणाला तिथे नुसतं येऊन जायची मुभा होती, हे किल्ल्यापेक्षा या वस्तू जास्त मोकळेपणी सांगतात. भंडाऱ्याच्या किल्ल्याचा तर तुरुंग झाला, तिथे जाऊन काही विचारायची सोयच नाही. तेव्हा आपण चौकातच थांबू.

या सगळ्या वस्तूंना मी एकच प्रश्न विचारणार आहे. याचे पैसे कुणी दिले? पैसे दान म्हणून आले की कर म्हणून, यावर पुढची बरीच वागणूक ठरते, असं मला दिसतं. दान असेल तर देणाऱ्याचे आभार मानायचे आणि गप्प बसायचं. कर असेल तर जाब विचारता येतो.

सुरुवात पवनीपासून करू. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून तिथल्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्या कामाचे प्रमुख. तिथे मोठा स्तूप निघाला आणि त्याभोवतीच्या दगडी वेदिकेचे, म्हणजे कठड्याचे, अवशेष निघाले. लोक प्रदक्षिणा घालायचे त्या वाटेचा हा कठडा. त्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांचे लेख कोरलेले आहेत. म्हणजे सार्वजनिक जागेतल्या वस्तूवर देणाऱ्यानं आपलं नाव टाकायचं, ही रीत आपल्या जिल्ह्यात दोन हजार वर्षांची आहे. आज सिमेंटच्या बाकावर ‘यांच्या स्मरणार्थ’ असं वाचून हसू येतं ना, त्या हौसेचं घराणं फार जुनं आहे.

पुढे दगडावर नाव कोरलं नाही तरी रीत तीच राहिली. पार बांधणं, विहीर खोदणं, उन्हाळ्यात पाणपोई घालणं, देवळापुढे दीपमाळ उभी करणं ही सगळी पुण्याची कामं. आपल्याकडे कोहळी मंडळींनी तलाव बांधले. ते शेतीसाठी बांधले खरे, पण तलावाच्या पाळीवर संध्याकाळी गाव येऊन बसायचं. पवनीच्या घाटाच्या पायऱ्या बघा. बसायला बेताची उंची, पुढे वैनगंगा, मागे गाव. आज एखादा आर्किटेक्ट लाखो रुपये घेऊन याहून चांगली बसायची जागा करून देईल, यावर माझा विश्वास नाही.

पाराची रचनाही जरा नीट बघण्यासारखी आहे. उंची गुडघ्याएवढी, म्हणून म्हाताऱ्या माणसाला बसताना-उठताना जड जात नाही. आकार गोल, म्हणून एका बाजूला जमिनीच्या वादाची बैठक चाललेली असते आणि दुसऱ्या बाजूला पोरं गोट्या खेळतात, कुणाचं कुणाला अडत नाही. ऊन फिरेल तसा माणूस पारावरच सरकत जातो. जुन्या पाराच्या मधली माती उघडी असायची, त्यामुळे पावसाचं पाणी मुळाला मिळायचं. आता आपण त्यावर फरशा बसवतो, सिमेंट थेट खोडाला नेऊन भिडवतो आणि दहा वर्षांनी पिंपळ का वाळला म्हणून विचारतो.

उजेडाची गोष्ट मात्र वेगळी होती. भंडाऱ्याच्या कासारांनी पितळी भांड्यांवर गावाचं नाव केलं. गावाचं नावच ‘भाण’, म्हणजे पितळेचं ताट, यावरून आलं असं गॅझेटियरवाले सांगतात. अशा गावात घरोघरी देवापुढे समई तेवत असणार, पण दाराबाहेर काळोख. रस्त्यावरचा उजेड माणसाबरोबर चालायचा. श्रीमंताच्या पुढे मशाल घेऊन दिवट्या चालायचा, मालक घरात गेला की रस्ता पुन्हा अंधारात. ‘टेंभा मिरवणे’ हा वाक्प्रचार इथूनच आला. उजेड हे वैभवाचं लक्षण होतं, सोय नव्हती. दीपमाळ तेवढी एका जागी स्थिर, आणि तीही सणावारी पेटायची.

आता या दानाची दुसरी बाजू. पार सगळ्या गावाचा म्हणायचा, पण पारावर कुणी बसायचं आणि कुणी खाली, लांब, मातीत बसायचं हे ठरलेलं होतं. विहीर पुण्यासाठी खोदलेली, पण कुणाची घागर तिला लागायची नाही हेही ठरलेलं. देणाऱ्याचं दान, म्हणून देणाऱ्याचे नियम. महात्मा फुल्यांनी 1868 मध्ये पुण्यात आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तेव्हा त्यांनी दानाच्या याच तर्काचा उलटा वापर केला. हौद माझा आहे ना, मग कुणी पाणी भरायचं ते मी ठरवतो. दुसऱ्याच्या हौदाबद्दल मात्र त्या काळात असं काही म्हणायची सोय नव्हती.

त्याच्या एकच वर्ष आधी, 1867 मध्ये, भंडाऱ्यात नगरपालिका स्थापन झाली होती. आपण तेव्हा मध्यप्रांतात. अशा नगरपालिकांमध्ये सुरुवातीला लोकांचं म्हणणं फारसं नव्हतं, कारभार सरकारी अंमलदारांच्या हातात. पण पैशाच्या बाजूनं बघा. मध्यप्रांतातल्या अशा शहरांचं मुख्य उत्पन्न जकातीचं होतं. गावात येणाऱ्या धान्यावर, तेलावर, मालावर जकात. म्हणजे बाजारात शेरभर तांदूळ घेणारा मजूरसुद्धा नकळत नगरपालिकेला पैसे देत होता. त्याला मत नव्हतं, पारावर जागा नव्हती, पण दिव्याच्या तेलात त्याचा वाटा होता. 1901 च्या जनगणनेत भंडारा शहराची वस्ती 14,023 होती. या चौदा हजारांत असे वाटेकरी किती असतील, विचार करा.

मुंबईत हा बदल थाटामाटात झाला. 1865 च्या ऑक्टोबरमध्ये तिथे रस्त्यावर गॅसचे दिवे लागले, भेंडीबाजारात, एस्प्लनेड रोडवर, चर्चगेट स्ट्रीटवर. दिवे पेटवणारा एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे जायचा आणि त्याच्यामागे बघ्यांची गर्दी तोंडात बोट घालून चालायची, असं त्या काळचं वर्णन आहे. या गॅसलाइटनं मराठीला एक शब्द दिला, घासलेट. गंमत अशी की शब्द गॅसचा आणि चिकटला तो तेलाला. मुंबईकडे घासलेट किंवा रॉकेल, आपल्याकडे मातीतेल.

लहान शहरांत गॅस वगैरे शक्यच नव्हता. तिथे खांबावर काचेची पेटी, आत मातीतेलाचा दिवा. संध्याकाळी नगरपालिकेचा माणूस खांद्यावर शिडी आणि हातात तेलाचा डबा घेऊन फिरायचा. काच पुसायची, वात कापायची, तेल घालायचं, पेटवायचं, पुढच्या खांबाकडे जायचं. तेल मोजून दिलेलं, त्यामुळे रात्री ठरावीक वेळेनंतर दिवा आपोआप मरायचा. आणि चांदण्या रात्री दिवे लावायचेच नाहीत, ही त्या काळची सर्वत्र चालणारी काटकसर, अगदी विलायतेतल्या लहान गावांतसुद्धा. पौर्णिमेचा उजेड जमिनीवर फार तर पाव लक्स पडतो. आज भारतीय मानक मुख्य रस्त्यावर सरासरी 30 लक्स मागतं, साध्या गल्लीत 4. म्हणजे नगरपालिकेच्या हिशेबी चंद्र हा फुकटातला नोकर होता, पण कामाला तसा कच्चाच.

तरीही या मिणमिणत्या दिव्यानं एक गोष्ट केली जी दीपमाळेनं केली नव्हती. तो रोज लागायचा, एका जागी लागायचा, आणि त्याच्याखाली कोण उभा आहे हे विचारायची त्याला सोय नव्हती. पाणी अडवता येतं, बसायची जागा अडवता येते. रस्त्यावर पडलेला उजेड कसा अडवणार? रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास करून मोठ्या झालेल्या माणसांच्या कथा भारतभर सांगतात, ईश्वरचंद्र विद्यासागरांपासून. त्यातल्या खऱ्या किती, भर घातलेल्या किती, हे बाजूला ठेवू. लोकांना ही कथा दिव्याबद्दलच सांगावीशी वाटली, पाराबद्दल नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पाण्याच्या आणि बसायच्या जागेच्या बाबतीत हाच मुद्दा लढून मिळवावा लागला. 4 ऑगस्ट 1923 ला सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा सांभाळले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य वर्गाला वापरू द्याव्यात, असा तो ठराव. शब्द नीट ऐका, सरकारी पैशातून. सगळी कळ इथे आहे. महाडच्या नगरपालिकेनं 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला, पण कागदावरच. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर काय झालं हे आपण जाणतो. पण कोर्टात विरोधकांनी काय मांडलं ते फारसं बोललं जात नाही. त्यांचं म्हणणं होतं की तळं सार्वजनिक नाहीच, ते खाजगी मालकीसारखं आहे. पुन्हा तोच प्रश्न, पैसा कुणाचा, मालकी कुणाची. दहा वर्षं खटला चालला आणि 1937 च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं विरोधकांचा दावा फेटाळला. याच बाबासाहेबांनी 1954 मध्ये आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि आपण त्यांना पाडलं, हेही आठवणीत असू द्यावं.

युरोपात हा दान-कराचा गुंता थोडा वेगळ्या रीतीनं सुटला. पॅरिसमध्ये 1850 नंतर रुंद रस्ते काढले, तेव्हा गॅब्रिएल दाविऊ नावाच्या वास्तुशिल्पकारानं बाक, दिव्याचे खांब, वर्तमानपत्राच्या टपऱ्या, सगळं एका घाटाचं आखून दिलं. श्रीमंत वस्तीतला बाक आणि गरीब वस्तीतला बाक एकच. तिथेही दान होतं. 1872 मध्ये रिचर्ड वॉलेस या इंग्रज श्रीमंतानं शहराला पाण्याचे कारंजे दिले, म्हणजे आपली पाणपोईच म्हणा. पण ते कुठे बसवायचे हे शहरानं ठरवलं. दान घेतलं, हुकूम घेतला नाही. मुंबईतल्या प्याऊंची कथा उलट आहे. मशीद बंदरजवळचा केशवजी नाईकांचा 1876 चा प्याऊ काय किंवा इतर काय, व्यापाऱ्यानं बांधले, सुंदर बांधले, आणि नंतर सांभाळायचं कुणी हे न ठरल्यामुळे अनेक कोरडे पडले.

आता आपल्या काळाकडे येऊ. 1956 मध्ये आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो, 1960 मध्ये महाराष्ट्रात, आणि त्याच वर्षी वीज मंडळ झालं. खेड्यापाड्यांत खांब आले. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यानं पंचायतींना दिवाबत्ती कर बसवता येऊ लागला. तुमच्यापैकी ज्यांचं घर खेड्यात आहे त्यांनी घरपट्टीची पावती काढून बघावी. घरकर, आरोग्य कर आणि दिवाबत्ती कर, वेगळ्या रकान्यात. आकडा किरकोळ असतो. पण मला तो रकाना फार मोलाचा वाटतो. बत्ती बंद असली तर त्या पावतीवर बोट ठेवून सरपंचाला विचारता येतं. शहरांसाठी 1965 चा नगरपरिषद कायदा आहे. त्यात रस्ते आणि सार्वजनिक जागांवरची दिवाबत्ती हे बंधनकारक कर्तव्य म्हटलंय, मर्जीचं नाही.

मग बिघडलं कुठे? माझ्या मते पैशाची वाट बदलली तिथे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला नगरपरिषदांची जकात गेली, आणि लहान शहरं आपल्या उत्पन्नापेक्षा वरून येणाऱ्या पैशावर जास्त अवलंबून राहिली. त्याआधीच, डिसेंबर 1993 मध्ये, खासदार निधी सुरू झाला होता. आमदारांचा निधी वेगळा. या निधीतून हायमास्ट उभे राहिले, बाक आले, बसथांब्यांवर शेड आल्या, आणि प्रत्येकावर नाव. खासदार निधीच्या मार्गदर्शक सूचनांतच फलक लावायला सांगितलंय, म्हणून एकट्या पुढाऱ्यांना दोष देऊन भागणार नाही. हेतू हिशेबाचा होता, लोकांना कळावं की पैसा कुठे गेला. पण वाचणाऱ्याच्या डोक्यात काय उतरतं? ‘अमुक साहेबांनी दिलेला बाक.’ पैसा आपलाच, कराचाच, आणि तो परत येताना दानाचे कपडे घालून येतो. मग बाक उन्हात ठेवला तरी कोण बोलणार? दिलेल्या गायीचे दात मोजायचे नसतात म्हणतात.

हायमास्टबद्दल दोन शब्द जास्त बोलतो, कारण जिल्ह्यातल्या प्रत्येक मोठ्या गावात तो आहे आणि त्याच्याबद्दल लोकांना अभिमान आहे. तो मुळात मोठ्या मोकळ्या जागांसाठी, रेल्वे यार्डासाठी, महामार्गाच्या जंक्शनसाठी. उंची सोळा मीटर, वीस मीटर, तीससुद्धा. उजेडाचा नियम साधा आहे. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई. चार मीटरवरचा दिवा सोळा मीटरवर नेला तर जमिनीवर सोळावा हिस्सा पोचतो, म्हणून वर प्रचंड ताकदीचे दिवे लावावे लागतात. महामार्गावरच्या चौकात ते ठीक आहे. पण जुन्या बाजारातल्या चौकात मधे पिंपळ असतो. हायमास्टचा उजेड पडतो पिंपळाच्या शेंड्यावर. पानं झगमगतात, कावळ्यांची झोप उडते, आणि खाली पारावर, जिथे माणसं बसतात, तिथे काळोख. ‘दिव्याखाली अंधार’ इतक्या शब्दशः खरा ठरलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. पारासाठी दिवा हवा तो फांदीच्या खाली, साडेतीन-चार मीटरवर, झाकण असलेला, डोळ्यात न जाणारा. तो स्वस्त आहे. पण त्याचं उद्घाटन करायला कुणी येत नाही, आणि हायमास्टचा फोटो चांगला येतो.

रंगाचाही प्रश्न आहे. 5 जानेवारी 2015 ला केंद्र सरकारनं रस्त्यावरचे दिवे बदलून एलईडी करण्याची राष्ट्रीय योजना सुरू केली. कंपनीनं आधी पैसे घालायचे आणि वीजबिलाच्या बचतीतून वसूल करायचे, अशी पद्धत. विजेच्या दृष्टीनं फायदा मोठा, यात वाद नाही. जुन्या सोडियम दिव्याखाली लाल साडी आणि तपकिरी साडी सारखीच दिसायची, तेही गेलं. पण त्याच वर्षी मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर पिवळे दिवे काढून पांढरे लावले तेव्हा एवढी ओरड झाली की शेवटी पिवळसर छटा परत आणावी लागली. मरीन ड्राइव्हसाठी ओरडणारे वजनदार लोक होते. आमच्या बाजारपेठेत जो पांढरा भगभगीत दिवा लागला त्याबद्दल कुणी कुणाला विचारलं? तो डोळ्यात घुसतो, आणि डोळे दिपले की पलीकडच्या गल्लीत कोण उभा आहे ते दिसत नाही. बाईमाणसाला रात्री नेमकं तेच दिसायला हवं असतं. समोरच्याचा चेहरा दहा पावलांवरून ओळखता आला पाहिजे. डांबर कितीही उजळलं तरी त्याचा तिला उपयोग नाही.

भारनियमनाच्या वर्षांत, लाईन गेली की चौक कोण उजळायचं, आठवा. पानठेलेवाले. त्यांचा बॅटरीवरचा दिवा, चहावाल्याचा दिवा, भाजीवाल्या बाईंचा कंदील. हा उजेड माणसाच्या उंचीवर असतो, चेहऱ्यावर पडतो, आणि त्यामागे एक जागा माणूस बसलेला असतो. अतिक्रमण म्हणून ठेले उचलले जातात तेव्हा हा उजेडही उचलला जातो, ते कुणी मोजत नाही. अर्थात ठेल्यापुढचं बाकडं हे पुरुषांचं बाकडं आहे, हेही खरं. कॉलेजातून परतणाऱ्या मुलीला ऑटोची वाट बघत बसायला गावात जागा कुठे, याचं उत्तर त्यात नाही.

बाकांचं म्हणाल तर आपल्याकडे आता चकचकीत स्टीलचे आणि काळ्या ग्रॅनाइटचे बाक आले. मे महिन्यात दुपारी त्यावर हात टेकवून बघा. पारा 45 च्या वर, आणि ग्रॅनाइट रात्री नऊपर्यंत धगधगत असतो. सागवानाच्या पट्ट्या असत्या तर अर्ध्या तासात निवल्या असत्या, आणि हा जंगलाचा जिल्हा आहे. बाक इमारतीच्या किंवा झाडाच्या पूर्वेला ठेवला तर तिसऱ्या प्रहरी सावली मिळते, यालाही अभियंता लागत नाही, चारची वेळ साधून एकदा तिथे उभं राहावं लागतं. विल्यम व्हाइट नावाच्या अमेरिकन गृहस्थानं न्यूयॉर्कचे चौक कॅमेरा लावून वर्षानुवर्षं पाहिले आणि 1980 मध्ये पुस्तक काढलं. त्याचा निष्कर्ष इतका सरळ होता की लोकांना हसू आलं. बसायला जागा असली की लोक बसतात. आपल्याकडे बाकाच्या मधोमध लोखंडी दांडा घालायची फॅशन येतेय, कुणी झोपू नये म्हणून. लंडनमध्ये 2012 मध्ये यासाठी खास उतरत्या घाटाचा बाक काढला, कॅम्डन बेंच म्हणतात. पण आपल्याकडे दुपारी बाकावर आडवा होणारा कोण असतो? सकाळी मजुरीला आलेला, बस चुकलेला, सरकारी दवाखान्यात नातेवाईक असलेला. तोही दिवाबत्ती कर भरतो.

दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगावी मंडई भरते. रात्रभर दंडार, नाटक. पूर्वी टेंभे, मग पेट्रोमॅक्सच्या बत्त्या, मग जनरेटर. त्या रात्री बायका-पोरं, म्हातारी माणसं पहाटेपर्यंत चौकात बसतात, घरून आणलेल्या पोत्यावर, चटईवर. दिवे खाली असतात, चेहरे दिसतात. यंदा मंडईला जाल तेव्हा नाटक बघाच, पण मध्यंतरात जरा मागे वळून बघा, कोण कुठे बसलंय आणि उजेड कुठपर्यंत पोचलाय. घरपट्टीची पावती खिशात असली तर उत्तम.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.